मोबाईलातली ज्ञानेश्वरी आणि आपला अभ्यास



हल्ली कोलाड-रोह्याकडच्या बहुतेक माळकऱ्यांच्या खिशात ज्ञानेश्वरी असते. मुलगा किंवा नातू मोबाईलात ती घालून देतो. पण ‘बुवा, याहून चांगले ॲप कोणते?’ असे मला वारंवार विचारतात. माझे सांगणे एवढेच, की नवे शोधू नका, आहे तेच नीट उघडा. घरात तीन पोथ्या बासनात बांधून ठेवण्यापेक्षा एकीचे पान रोज उलटावे, त्यातला हा प्रकार.

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांमागे चातुर्मासात कीर्तनाला दया हा विषय घेतला होता. मोबाईलात शब्द घातला, पहिल्या अध्यायातली एक ओवी सापडली. तीच माउलींचा उपदेश म्हणून रंगवून सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. आरतीनंतर एक आजी पाया पडायला वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “महाराज, ते तर अर्जुनाचं रडगाणं ना? पुढं देव त्यालाच रागं भरतात.” आजींना अक्षरओळख बेताची, पण पारायणे कानांवरून गेलेली. मी चाळीस वर्षे शास्त्र घोकलेला. मला खाली पाहावे लागले.

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला सहा लिंगे सांगितली आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतला ‘अभ्यास’ म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणे. तेवढ्यापुरता शोध फार उपयोगी. एखादा शब्द कुठे कुठे आला, हे तो क्षणात दाखवतो. बाकीची पाच लिंगे मात्र वाचूनच कळतात. अर्जुनाचा विषाद हा उपक्रम. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच देव त्याला फटकारतात, आणि अठराव्यात आपला मोह गेला असे तो स्वतःच कबूल करतो. ही दोन्ही टोके पाहिली असती, तर माझी जीभ घसरली नसती.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. प्रत कोणाची ते आधी पाहा. साखरे महाराजांची, सोनोपंत दांडेकरांची, की आणखी कोणाची? गाथ्याचेही तसेच. निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. टिपणात क्रमांकाबरोबर प्रतीचे नाव लिहावे.

२. शब्द शोधताना जुने लेखन ध्यानात ठेवा. आपण ‘आता’ लिहितो, पोथीत ‘आतां’ असते. आपले ‘तरी’ तिथे पुष्कळदा ‘तरि’ होते. एक टिंब चुकले, तरी काही ॲपे ‘सापडले नाही’ म्हणतात. ग्रंथात शब्द नाही असे लगेच समजू नये. शेवटची मात्रा, अनुस्वार सोडून शब्दाचा मूळ भाग घालावा.

३. ओवी सापडली की आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्या वाचा. बोलतो कोण? अर्जुन, देव, संजय, की स्वतः माउली? हे ठरल्यावाचून ती ओवी तोंडातून काढू नये.

४. खूण करण्याची सोय असते, ती वापरा. पण टिपण वहीतही उतरवा. मोबाईल बिघडला किंवा ॲप काढले, की आतली टिपणे जाऊ शकतात.

५. वारीला निघण्यापूर्वी मोबाईलचे इंटरनेट बंद करून ग्रंथ उघडतो का ते पाहा. गर्दीत आणि घाटात रेंज मिळेलच असे नाही. डोळे थकले असतील तर अक्षर मोठे करून घ्या.

या महिन्याचा पाठ सांगतो. ‘अवधान’ हा शब्द घाला. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे तेच मागतात. तिथून सुरुवात करा, आणि सापडलेली प्रत्येक जागा मागे-पुढे वाचून वहीत नोंदवा : कोण बोलले, कोणाला बोलले, कशासाठी बोलले. रोज एक जागा पुरे.

प्रचलित प्रतीत नऊ हजारांच्या वर ओव्या आहेत. यंत्र त्या सगळ्या निमिषात चाळते. पण चाळणे वेगळे नि वाचणे वेगळे. त्या आजींपाशी मोबाईल नव्हता, अवधान होते. आपल्यापाशी दोन्ही असावीत, एवढीच पांडुरंगचरणी विनंती.