कात्रणाचे दागिने : माल फुकटचा, मेहनत फुकटची नव्हे

रोज संध्याकाळी दुकान झाडताना कापडाचा जो ढीग निघतो त्याला आम्ही व्यापारी कात्रण म्हणतो. खणाचा वीतभर तुकडा, साडीच्या काठाची पट्टी, ब्लाउजपीसचा कोपरा. पूर्वी हे सारे पोत्यात भरून किलोवर जात असे. आज याच तुकड्यांचे हार, कुड्या, बांगड्या आणि बाजूबंद बनतात. मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत सणाच्या दिवसांत फिरून पाहिले तर गळ्यात खणाचा हार घातलेल्या मुली दिसतात. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. हौस मात्र कमी झालेली नाही. म्हणून या कामाला गिऱ्हाईक आहे आणि आपल्या घरांतील भगिनींना ते घरी बसून करता येते.

परंतु या धंद्यात एक मोठी चूक होते. ती मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

रमजान ईदच्या आधी मी मोहल्ल्यातील चार भगिनींना खणाची कात्रणे दिली. प्रत्येकीने १५ याप्रमाणे हार आणि कुड्यांचे ६० संच झाले. सामानाचा खर्च संचामागे ३५ रुपये आला. मजुरी ३० रुपये ठरवली आणि १०० रुपयांना संच विकला. आठ दिवसांत माल संपला आणि मी खूश झालो. मजुरी घ्यायला आलेल्या एका आपाने हातातला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर तिने तास लिहिले होते. ती म्हणाली, "भाईजान, एका संचाला अडीच तास. पंधरा संचांचे साडेसदतीस तास झाले आणि हातात साडेचारशे रुपये. तासाला बारा रुपये पडले." मला उत्तर सुचले नाही. माझ्या नफ्याचे २,१०० रुपये मी चौघींत वाटून दिले, तरी तासाला २६ रुपयेच पडले. तेव्हा समजले की चूक केवळ वाटणीत नव्हती, ती भाव ठरवण्यातच होती. कापड फुकटचे आहे म्हणून वस्तू स्वस्त, असे मी धरून चाललो होतो.

जुन्या दागिन्यात मोल कशाचे?

आपल्या कोल्हापूरचा साज घ्या. पूर्ण साजात २१ पाने मानतात. त्यात चंद्र, बेलपान, कारले, मासा, कासव, भुंगा असे आकार असतात. ही पाने आणि त्यांमधील मणी भरीव सोन्याचे नसतात. पातळ पत्रा ठोकून आकार करतात आणि आत लाख भरतात. म्हणजे वर सोने आणि आत झाडावरच्या किड्याने बनवलेली लाख. एवढ्या पातळ पत्र्याला आकार देणारा हात नसेल तर साज होत नाही. शिवाय साज, ठुशी, बोरमाळ ओवण्याचे आणि गोंडा बांधण्याचे काम पटवेकऱ्याचे. रेशमाच्या दोऱ्यावर त्याची गाठ बसली नाही तर सोनाराची सारी मेहनत वाया जाते.

दक्खनच्या आपल्या घरांत सुहागनीच्या गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा असतो. तेही बारीक काचेचे मणी आणि दोराच. बंजारा भगिनी कवड्या, आरसे, नाणी आणि कापड यांतून अंगभर दागिने घडवतात. हैदराबादेत चारमिनारजवळच्या लाड बाजारात आपले मुस्लिम कारागीर लाख तापवून बांगडीवर चढवतात आणि ती गरम असतानाच एकेक खडा हाताने बसवतात. त्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लाख, काच, कवडी, दोरा या सगळ्या साध्या वस्तू आहेत. त्यांना किंमत आली ती हातामुळे. कापडाचा दागिना याच घराण्यातला आहे.

सामान आणि रीत

सामान फारसे लागत नाही. खण, इरकल किंवा जरीकाठाचे तुकडे, शिंप्याकडचे बकरम, जाड पुठ्ठा, जुन्या बांगड्या, मणी, रेशमी दोरा, आकडे आणि कड्या. कात्रण गांधीनगरच्या कापड बाजारात, शिंप्यांकडे आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत मिळते. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालत आहेत, तिथे सुती तुकड्यांना तोटा नाही. तुकडे आणल्यावर प्रथम रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे वेगळे करावेत. एका रंगाचे निदान दहा संच निघतील एवढे कापड नसेल तर तो रंग दुकानदाराला दाखवू नये. मागणी आल्यावर देता येत नाही आणि शब्द खोटा पडतो.

पहिली गोष्ट रंगाची परीक्षा. माझ्या पहिल्या मालात उन्हाळ्यात घामाने रंग सुटला आणि एका गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या कुर्त्याची कॉलर लाल झाली. पैसे परत केले, पण शरम राहिली. आता मी कापड मीठ घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवतो आणि ओलेच पांढऱ्या फडक्यावर घासतो. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड गळ्याच्या दागिन्याला वापरत नाही. लटकन, तोरण यांना ते चालते.

दुसरी गोष्ट टाक्याची. नुसत्या डिंकावर भरवसा ठेवू नये. साधा पांढरा डिंक पाण्याने आणि घामाने मऊ पडतो. कापडामागे बकरम इस्त्रीने चिकटवावे, आकार कापावा, काठ आत दुमडून बारीक टाका घालावा आणि मागच्या बाजूला मऊ सुती अस्तर लावावे. अंगाला लागते ती बाजू चांगली असली पाहिजे.

तिसरी गोष्ट गळ्याच्या मापाची. ठुशीसारखी मागे सरकती दोरी आणि गोंडा ठेवला की एकच हार बारीक आणि भरलेल्या, दोन्ही गळ्यांना बसतो. माप चुकल्यामुळे माल पडून राहत नाही. गोंडा बांधायला पटवेकऱ्याकडून शिकावे आणि त्याची शिकवणी त्याला द्यावी.

नमुने निवडताना एक पथ्य पाळावे. साजातील काही पाने आपल्या हिंदू बांधवांच्या श्रद्धेची आहेत. ती कात्रणावर छापून कुठेही पडतील अशी वस्तू करू नये. कोयरी, चंद्रकोर, पान, फूल, जाळी असे सर्वांना चालणारे आकार भरपूर आहेत. हळदीच्या आणि मेहंदीच्या कार्यक्रमासाठी कापडी फुलांच्या दागिन्यांना मागणी असते. ते दोन्ही समाजांत खपतात.

हिशेब असा मांडावा

हुपरीत घराघरांत चांदीच्या पैंजणांचे काम चालते. तिथे चांदी तोलून देतात आणि तोलून घेतात, म्हणून हिशेबाला जागा पक्की असते. कात्रणाच्या दागिन्यात तोलण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे वेळ. तो लिहिला नाही तर कारागीराचा हक मारला जातो. उदाहरणासाठी एका संचाचा हिशेब देतो.

कापड आणि बकरम ५ रुपये, मणी १२, दोरा आणि गोंडा ६, आकडे-कड्या ४, डबी ८. सामान एकूण ३५ रुपये. मजुरी अडीच तास, तासाला ५० रुपये धरले तर १२५. दोन्ही मिळून १६०. बिघडलेल्या मालापोटी १० रुपये, म्हणजे १७०. त्यावर व्यापाऱ्याचा नफा ३० रुपये. भाव झाला २००. दुसऱ्या दुकानात ठेवायचा असेल तर त्या दुकानदाराचे ५० रुपये वर, म्हणजे गिऱ्हाईकाला २५०.

बरेच लोक सामानाच्या तिप्पट भाव लावतात. ३५ ची तिप्पट १०५. त्यातून सामान वजा केले की ७० उरतात. ते सगळेच्या सगळे मजुरीला दिले तरी तासाला २८ रुपये पडतात आणि व्यापाऱ्याला काही उरत नाही. सोन्याच्या दागिन्यात माल महाग आणि घडणावळ त्या मानाने कमी असते. इथे उलटे आहे. म्हणून भाव सामानावरून नव्हे, तासांवरून काढावा. अडीचशेला गिऱ्हाईक नाही असे वाटले तर मजुरी कापू नये. नमुना सोपा करावा. दीड तासात होणारा हार बनवावा, तो स्वस्त विकता येतो. मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी ही तर आपल्या हुजूरांची (स.) शिकवणच आहे. माल विकल्यावर देतो, हे वाक्य मी आता वापरत नाही.

भांडवल

या कामाला व्याजाचे कर्ज काढण्याची गरज नाही. दहा-वीस संचांपासून सुरुवात होते. नातेवाइकाकडून कर्जे हसना घेता येते, किंवा मुदारबतीवर काम करता येते. त्यात पैसा एकाचा आणि मेहनत दुसऱ्याची असते, नफ्याचा हिस्सा आधी ठरवतात. तोटा आला तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा आणि कारागीराची मेहनत गेली एवढेच, अर्थात त्याने हयगय केली नसेल तर. हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. भावाभावांतही लिहावे. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, ती करून ठेवावी. आपल्या राज्यात केवळ मालाची आणि राज्याच्या आतच विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर आधी कर सल्लागाराला विचारावे.

नाव खरे सांगावे

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरात तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. देशभर टीका झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचा आधार मान्य केला. आपल्याला त्यांचा राग आला, तो योग्यच होता. पण आपण काय करतो? यंत्रावर छापलेल्या कापडाला हातमागाचा खण म्हणतो, परगावाहून आलेल्या तयार मालावर हाताने बनवलेला असे लिहितो. ज्याने विणले, ज्याने ओवले, त्याचे नाव आपणही गाळतो.

एकदा हुजूरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. आपल्या डबीतही एक चिठ्ठी असावी. कापड यंत्रमागाचे की हातमागाचे, मणी काचेचे की प्लास्टिकचे, पाणी चालते की नाही, हे तिच्यावर साध्या मराठीत लिहावे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात 'मुतफ्फिफीन' ही ८३ वी सूरह आहे. माप फक्त गजाचे आणि किलोचे नसते. कारागीराच्या तासाचेही माप असते.

त्या आपाने दाखवलेला कागद मी दुकानातल्या वहीत ठेवला आहे. आता प्रत्येक भगिनी आपले तास लिहून आणते आणि भाव त्यावरून ठरतो. पहिल्यापेक्षा संच कमी विकले जातात, पण काम सोडून कोणी गेले नाही. ज्यांच्या दुकानात कात्रण निघते त्या बंधूंनी ते पोत्यात भरण्याआधी आपल्या मोहल्ल्यात कोणाचे हात रिकामे आहेत ते पाहावे, आणि वहीत पहिला रकाना तासांचा आखावा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.