पुढे धावायचं कोणी?

प्रश्न : जून २०२२ मध्ये अविनाश साबळेने रबातला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १२.४८ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्याच महिन्यात युजीनच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक ८:२५.१३ वेळेला गेलं आणि साबळे ८:३१.७५ अशा वेळेसह अकरावा आला. एवढा दम होता तर तो सुरुवातीपासूनच का सुटला नाही?

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण रबातचे ८:१२ साबळेच्या एकट्याच्या जोरावरचे नव्हते. त्या शर्यतीत तो आठवा होता. विजेता सुफियान अल बक्काली ८ मिनिटांच्या आत आला, आणि पुढच्यांच्या वेगाने साबळेलाही ओढत नेलं. रबातसारख्या डायमंड लीगच्या शर्यतींमध्ये वेळेला भाव असतो, त्यासाठी आयोजक पैसे मोजून वेग धरून देणारे पेसमेकर उतरवतात. जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये असे पेसमेकर नसतात, आणि पदक वेळ बघून मिळत नाही.

मग वेग वाढवायचा कोणी? जो वाढवेल तो सगळ्यांसाठी वारा कापणार, वेगाचा अंदाज बांधणार, आणि मागे काय शिजतंय ते त्याला दिसणार नाही. मागचे त्याच्या आडोशाने दम राखून ठेवतात. ज्यांची शेवटच्या फेरीतली झेप कमी, त्यांना शर्यत वेगवान झालेली हवी असते. पण प्रत्येकाला वाटतं, हे काम दुसऱ्याने करावं! स्टीपलचेसमध्ये पुढच्याला अडथळे मोकळे दिसतात, तेवढाच काय तो फायदा.

याची कमाल पाहायची तर रिओ २०१६ ची १५०० मीटरची अंतिम शर्यत. अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ती ३:५०.०० मध्ये जिंकली. १९३२ नंतरचं ते सर्वांत संथ ऑलिंपिक सुवर्ण. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात पॅरालिंपिकमध्ये दृष्टिदोष असलेल्या धावपटूंच्या एका गटात पहिले चौघेही त्याच्यापेक्षा कमी वेळेत आले. पण म्हणून सेंट्रोविट्झला कमी लेखू नका. तो बहुतेक वेळ आघाडीवरच होता, आघाडीवर राहूनच त्याने शर्यत मुद्दाम संथ ठेवली, आणि शेवटची फेरी सुमारे ५०.६ सेकंदांत मारली. मला तर ही शर्यत अनेक विक्रमी शर्यतींपेक्षा जास्त आवडते.

दुसऱ्यासाठी स्वतःला जाळून घेणारे कधीमधी भेटतात. १९६८ चं मेक्सिको सिटी, २२४० मीटर उंचीवरची विरळ हवा. १५०० मीटरचा विश्वविक्रमवीर अमेरिकेचा जिम रायन, त्याच्या शेवटच्या झेपेची सगळ्यांना धास्ती. केनियाच्या बेन जिप्चोने पहिली फेरी ५६ सेकंदांत नेली. त्या वेगावर त्याचाच देशबांधव किप कीनो पुढे सटकला आणि रायनला जवळपास तीन सेकंदांनी हरवून गेला. जिप्चो दहावा. चार वर्षांनी म्युनिकच्या स्टीपलचेसमध्ये जिप्चोला रौप्य मिळालं; सुवर्ण कोणाला? कीनोलाच.

तीच युक्ती २०२४ मध्ये पॅरिसला १०,००० मीटरमध्ये इथिओपियाच्या तिघांनी वापरली. आळीपाळीने पुढे राहून त्यांनी वेग चढा ठेवला. त्याचा फायदा घेतला युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने : २६:४३.१४, ऑलिंपिक विक्रम. तिघांच्या वाट्याला एक रौप्य. देशाचा डाव असला तरी पदक गळ्यात एकाच्याच पडतं, त्यामुळे अशी भागीदारी मला फारशी भरवशाची वाटत नाही.

पुढून एकट्याने पळणं परवडतं ते बाकीच्यांपेक्षा सरस असलेल्यालाच. साबळेनेच २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत ते केलं. एकटाच पुढे निघून ८:१९.५० मध्ये सुवर्ण घेतलं. युजीनला त्याच्यासमोर बक्काली आणि इथिओपियाचा लामेचा गिर्मा होते, तिथे तो सुटला असता तर बहुधा त्यांचा फुकटचा पेसमेकर ठरला असता. तरीही मला वाटतं, त्याने सुटायला हवं होतं. संथ शर्यतीत शेवटच्या झेपेवर त्याला काहीच मिळणार नव्हतं. वेगवान शर्यतीत निदान काही जण तरी मागे पडले असते.

पुढच्या वेळी १५०० मीटरची अंतिम शर्यत बघाल तेव्हा पहिल्या फेरीची वेळ टिपून ठेवा. ५५ च्या आसपास असेल तर जागचे हलू नका. ६६ असेल, तर चहा ठेवायला वेळ आहे. शेवटच्या ३०० मीटरला मात्र परत या.