कारण आणि परिणाम

'कालव्यानें गांव सुधारलें' असें आपण सहज म्हणतों. पण जमीन मूळचीच कसदार असेल, किंवा गुळाचा भाव चढला असेल. अशा बदलणाऱ्या गोष्टींस 'चल' म्हणतात. बाकीचीं चलें सारखीं असतील तरच एकाचा परिणाम कळतो. आपल्या जिल्ह्याचा उत्तरभाग भिजविणाऱ्या गोदावरी-प्रवरा कालव्यांची प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं केलेली पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेनें १९४८ सालीं प्रसिद्ध केली. तींत भिजणाऱ्या गांवांबरोबर कोरडवाहू गांवेंही तपासलीं आहेत.

जामखेडकर शेतकरी बांधवांनीं हीच रीत धरावी. शेजाऱ्याची विहीर पाहून कर्ज काढण्यापूर्वीं त्याच मगदुराच्या, त्याच पावसाच्या बिनविहिरीच्या शेताचाही हिशेब पाहावा. भरभराटीचें कारण चुकीचें धरलें, तर पीक येवो न येवो, बोजा मात्र सातबाऱ्यावर चढतो.