उजेड कशावर पडतोय?

पालकहो, गंगाखेड आपल्या जिल्ह्यातलं, म्हणून जनाबाई आपल्या घरची. गोदाकाठची ही पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा. तिच्या गोवऱ्यांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कबीर भेटायला आले, तर ही बाई दुसरीशी गोवऱ्यांवरून कडाकडा भांडत होती! (कबीर खरं तर तिच्या नंतरचे, पण कीर्तनकाराला कोण अडवणार?) गोवऱ्या सगळ्या सारख्याच, मग निवाडा कसा करायचा? जनाबाई म्हणाली, कानाला लावून बघा, जिच्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी.

मला त्यातल्या चमत्कारापेक्षा भांडण आवडतं. कष्टाची गोवरी तिने सोडली नाही. आणि ओळख सांगितली ती कपाळावरच्या बुक्क्याची नाही, शेणाने भरलेल्या हातांच्या कामाची.

आता आमच्या घरचं ऐका. राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, त्यानंतरची गोष्ट. मी पाचवीत होतो. गाडी सकाळी खरेदी केंद्रावर जायची होती. रात्री वडिलांनी घागर आणली आणि तांब्याने कापसावर पाणी शिंपडू लागले. वजन वाढावं म्हणून. मला म्हणाले, "बॅटरी नीट धर. एकाच जागी लई पाणी पडलं तर ध्यानात येतंय."

वडील माळकरी. एकादशी कधी मोडली नाही. वाईट माणूस तर मुळीच नव्हते; डोक्यावर उसनवारी होती, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की बॅटरी हलू द्यायची नाही.

सहामाहीला मी शेजारच्या पोराच्या पेपरात बघून गणितं उतरवली. पकडला गेलो. मास्तरांनी घरी कळवलं आणि वडिलांनी मला अंगणात बडवबडव बडवलं. "कुठं शिकलास रे हे?" असं दर फटक्याला विचारत होते. त्यांना खरोखरच उमगत नव्हतं. मला उत्तर माहीत होतं, पण मी बोललो नाही. पुढेही कधी बोललो नाही.

तुम्हीही लेकराला कधी ना कधी काहीतरी धरायला सांगाल. हातात बॅटरी देण्याआधी उजेड कशावर पडणार आहे, तेवढं बघा.