आधी बटण बंद, मग शोध

खेळाच्या मैदानात अंगठी पडली, ओळखीपाळखीतून धातुशोधक यंत्र मिळवलं, आणि ते पहिल्या पावलापासून किरकिरायला लागलं, की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर यंत्राची संवेदनशीलता आणखी वाढवतो, नाहीतर यंत्रच टाकाऊ आहे म्हणून परत पाठवतो. दोन्ही चूक, आणि माण गावच्या परिसरात तर हमखास चूक. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या अंगाखांद्यावर वाढला. शेतांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरांच्या मधोमध मुलांसाठी घसरगुंड्या, झोपाळे, वाळूचे चौकोन आले. अशा जागी दागिना सापडत नाही तो यंत्र दुबळं असतं म्हणून नव्हे. आजूबाजूच्या विजेचा गोंगाट इतका असतो की यंत्राला दागिन्याचं उत्तर ऐकूच येत नाही. आणि हा गोंगाट यंत्रावरच्या बटणापेक्षा सोसायटीच्या मीटररूममधल्या बटणाने लवकर थांबतो, हे माझं ठाम मत आहे.

ते का, हे समजायला यंत्र काय करतं ते थोडं पाहावं लागेल. मैदानात वापरायची बहुतेक यंत्रं काही हजार ते काही दशहजार हर्ट्झच्या कंप्रतेवर चालतात. तळाशी असलेली तबकडी म्हणजे तारेचं वेटोळं. ते जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्या क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं अगदी क्षीण क्षेत्र तबकडीतलं दुसरं वेटोळं टिपतं. जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, परतताना पुन्हा घनाने. म्हणजे ढोबळमानाने, लहान वस्तू दुप्पट खोल असेल तर उत्तर चौसष्टपट क्षीण होतं. या एका आकड्यात सगळा युक्तिवाद आहे. संवेदनशीलता दुप्पट केली तर खोलीत भर पडते जेमतेम बारा टक्क्यांची. उलट ती निम्मी केली, तर 20 सेंटिमीटरवर सापडणारी वस्तू साधारण 18 सेंटिमीटरवर सापडेल, एवढंच नुकसान. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट मात्र खोलीबिली जाणत नाही. संवेदनशीलता वाढवली की तो सगळाच्या सगळा आत येतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्याची कुजबूज ऐकण्यासाठी कानयंत्राचा आवाज वाढवावा, तसा हा प्रकार.

‘पण संवेदनशीलता कमी केली तर खोल गेलेली वस्तू सुटेल की!’ हा आक्षेप नेहमी येतो. जुनी नाणी शोधायची असतील तर तो बरोबर आहे. काल संध्याकाळी पडलेली अंगठी काही वीतभर खोल जात नाही. लॉनवर ती गवताच्या मुळांशी असते, मुरुमावर वरच्या थरात, आणि वाळूत मुलांच्या पायांनी फार तर काही बोटं खाली गेलेली. तिच्यासाठी लागणारी खोली निम्म्या संवेदनशीलतेत सहज मिळते. जी खोली आपल्याला नकोच आहे तिच्यासाठी गोंगाट विकत घेण्यात काय अर्थ?

आता हा गोंगाट येतो कुठून? लोक आधी मोठ्या वाहिन्यांकडे बोट दाखवतात. हिंजवडी परिसरात 220 केव्हीच्या भूमिगत वाहिन्या आहेत. माण ते शिवाजीनगर मेट्रोचा सुमारे 23 किलोमीटरचा मार्ग तिसऱ्या रुळातल्या 750 व्होल्ट डीसीवर चालणारा आहे. उच्चदाब तारांखाली यंत्र बडबडतं हे खरंच. तरी आपल्या घरगुती विजेची मूळ कंप्रता 50 हर्ट्झ आहे, यंत्राची काही हजार, आणि यंत्राची चाळणी त्या मूळ गुणगुणीचा बराच भाग गाळून टाकते. खरा उपद्रव लहान वस्तूंचा. बागेतल्या एलईडी दिव्याच्या आतला ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, सीसीटीव्हीचा वीजपुरवठा, घराघरातले इन्व्हर्टर आणि इंडक्शन शेगड्या, पार्किंगमधले ई-गाड्यांचे चार्जर ही सगळी उपकरणं वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात. लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपांच्या मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्ह तर काही हजार हर्ट्झवरच चालू-बंद होतात, म्हणजे नेमके यंत्राच्या पट्ट्यात. हेच ड्राइव्ह चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पावलोपावली असतात, म्हणून कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या मैदानात यंत्र जास्त वैतागतं. शिवाय शोधणाऱ्याच्या खिशातला मोबाइल. तो सगळ्यात जवळचा गुन्हेगार, आणि त्याचा संशय सगळ्यात शेवटी येतो. कानातले ब्लूटूथ हेडफोन आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळही त्याच टोळीतले.

किरकिर विजेची आहे की जमिनीची, हे ओळखल्याशिवाय कुठलंही बटण फिरवू नये. तबकडी जमिनीपासून कमरेइतकी उचलून स्थिर धरा. हलवत नसतानाही यंत्र बोलत असेल तर दोष विजेचा. तबकडी आडवी-उभी फिरवून पाहा. एका दिशेला आवाज वाढत असेल आणि दुसरीला घटत असेल, तर उगमाची दिशा कळते. स्थिर धरल्यावर यंत्र गप्प आणि जमिनीवरून फिरवताना बोलतं, तर दोष जमिनीचा किंवा कचऱ्याचा. आपल्याकडे जमिनीचा दोष लहान समजू नये. दख्खनचा काळा पाषाण बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, आणि त्यापासून झालेल्या मातीत-मुरुमात ते उतरतं. वाळूच्या चौकोनात हल्ली नदीची वाळू क्वचितच असते. तिथे बेसॉल्ट भरडून केलेली क्रश सँड असेल, तर ती दिसायला वाळू आणि यंत्राच्या लेखी काळी जमीनच. समुद्रकिनाऱ्यांसाठी लिहिलेले परदेशी सल्ले इथे फसतात ते यामुळे. जमिनीचा समतोल, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, त्याच चौकोनात तबकडी खालीवर करून साधावा. शेजारच्या लॉनवर साधलेला चालत नाही.

दोष विजेचा निघाला तर उपायांचा क्रम महत्त्वाचा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून लांब ठेवणं, आणि दुसरा कोणी यंत्र घेऊन आला असेल तर त्याला बरंच दूर उभं करणं, हे बिनखर्चाचं. नंतर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला किंवा मॅनेजरला सोबत घेऊन बागेच्या दिव्यांचं, कारंज्याचं, संगीताच्या स्पीकरचं सर्किट अर्धा तास बंद करायला सांगावं. एकेक सर्किट बंद करत यंत्र ऐकलं की खरा उगम आपोआप उघडा पडतो. बंद न होणाऱ्या गोष्टी उरतातच, त्यांच्यासाठी यंत्राची कंप्रता किंचित सरकवण्याची सोय वापरावी, मग लहान तबकडी लावावी, आणि सगळ्यात शेवटी संवेदनशीलता कमी करावी. लहान तबकडी बाहेरचा गोंगाटही कमी गोळा करते आणि झोपाळ्याच्या लोखंडी पायाजवळही जाऊ शकते. शोध दिवसा घ्यावा, दिव्यांचे टायमर सुरू होण्याआधी. दुरुस्ती-देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची या भागात जुनी रीत आहे. तो दिवस सोयीचा वाटेल, पण सावध राहा. वीज गेली की जनरेटर सुरू होतो आणि घराघरातले इन्व्हर्टर जागे होतात, त्यामुळे गोंगाट जात नाही, फक्त मालक बदलतो.

महागडं, एकाच वेळी अनेक कंप्रतांवर चालणारं यंत्र आणलं तर हे सगळं टळेल, असं विकणारे सांगतात. ओल्या किनाऱ्यावर ते यंत्र सरस आहे, वाद नाही. मात्र जे यंत्र अनेक दारांनी ऐकतं त्याच्या आत गोंगाटही अनेक दारांनी शिरतो. इमारतींच्या बेचक्यात त्याच यंत्राला एका कंप्रतेवर चालवलं की ते बऱ्याचदा शांत होतं. दुसरी सूचना येते वॉचमनच्या हातातल्या दांड्याची, मॉलच्या दारात फिरवतात त्याची. ते यंत्र अंगावरची सुरी, पिस्तूल हुडकायला केलेलं आहे. त्यात जमिनीचा समतोल नाही आणि पल्ला काही सेंटिमीटरांचा. खड्ड्यातून काढलेल्या मातीच्या ढेकळात अंगठी आहे का, एवढं पाहायला ते बरं.

एका गोष्टीवर मात्र बटणांचा इलाज नाही. माण-हिंजवडीतल्या कितीतरी सोसायट्यांत मुलांचं मैदान जमिनीवर नसतंच, पार्किंगच्या छतावर असतं. वर रबराची मऊ फरशी किंवा कृत्रिम गवत, आणि खाली स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी. या जाळीसमोर चांगलं यंत्रही भांबावतं. ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे अडकली हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं प्रवर्तन-तुला यंत्र घेऊन 26 जुलै आणि 1 ऑगस्टला त्यांच्या बिछान्यापाशी गेले. यंत्र गोळी शोधू शकत होतं. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी मात्र सगळीकडून क्षीण आवाज दिला, आणि डॉक्टरांनी तपासू दिली फक्त उजवी बाजू. गारफील्ड सप्टेंबरमध्ये वारले. गोळी डाव्या बाजूला निघाली. स्लॅबवरच्या मैदानात हाच धडा लागू पडतो. रबराची फरशी अखंड असेल तर अंगठी तिच्या आत जाऊच शकत नाही. ती कडेच्या फटीत, पाणी जाण्याच्या जाळीत किंवा घसरगुंडीच्या तोंडाशी असते. तिथे विजेरी आणि डोळे यंत्रापेक्षा कामाचे.

दागिन्यादागिन्यांतही फरक आहे, आणि तो कळला नाही की गप्प यंत्रावर उगाच अविश्वास येतो. अखंड वळं असलेली अंगठी, चांदीचं जोडवं, बांगडी यांत भोवरी प्रवाहाला पूर्ण वाट मिळते, म्हणून उत्तर खणखणीत येतं. सोन्याची बारीक साखळी म्हणजे शेकडो सुट्या कड्या, प्रत्येक कडीचा प्रवाह तिच्यापुरता. वजनाने भारी साखळीही यंत्राला एखाद्या कडीएवढी किंवा फाशाएवढीच दिसते. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, त्यामुळे सापडल्या तर वाट्या सापडतात. नथीत मोत्यांमधून गेलेली बारीक तार, तिची आशा यंत्राकडून फारशी धरू नये. जोडीतला एक दागिना हरवला असेल, कर्णफूल, जोडवं, पैंजण, तर दुसरा सोबत आणावा, जाड रंगीत दोऱ्याला बांधून त्याच मैदानात जमिनीवर ठेवावा, आणि यंत्र काय आकडा दाखवतं, किती उंचीवरून ओळखतं ते पाहावं. (दोरा विसरू नका, नाहीतर शोधायला दोन होतील.) ज्या जागी नमुन्याचा दागिना ओळखू येत नाही, तिथे हरवलेलाही येणार नाही. असा निकाल पाच मिनिटांत लागणं, दुपारभर उन्हात फिरण्यापेक्षा बरं.

कचऱ्याबद्दल एकच सांगतो. बारीक सोन्याची अंगठी आणि चॉकलेटची चुरगळलेली चांदी किंवा औषधाच्या गोळ्यांची पट्टी यंत्रावर जवळपास सारखा आकडा दाखवतात. चांदी नको म्हणून तो पट्टा गाळलात, तर सोनंही गाळलंत. लोखंड गाळायला हरकत नाही, आणि आपल्याकडे त्याचा जादा फायदा होतो, कारण 1992 पासूनची आपली एक रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. ती बहुधा लोखंडाच्याच घरात पडतात. वाळूचा चौकोन लहान असेल तर मी यंत्राच्याही आधी चाळणीला मत देईन. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन, चाळून सोन्याचा कण काढणारे झारेकरी यंत्राविना हेच करत आले, आणि चाळणीला ना वीज बाधते ना लोखंड. दागिना हरवल्याचं कळताच माळ्याला गवत कापायला आणि पालापाचोळा उचलायला मनाई करणं तर सगळ्यांच्या आधी. उचललेला केर घंटागाडीत गेला की पुढचं सगळं व्यर्थ.

खणताना यंत्र लांबलचक, सरळ रेषेत बोलत असेल तर तिथे खुरपं घालू नका. बागेतल्या दिव्यांची केबल किंवा अर्थिंगची पट्टी अशीच दिसते. प्लास्टिकचं खुरपं वापरा, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाजवळ जाऊ नका, आणि खड्डा तिथल्या तिथे बुजवा, कारण संध्याकाळी त्यावरून मुलं पळणार आहेत. सापडलेली वस्तू सांगितलेल्याच माणसाची आहे याची खात्री होईपर्यंत ती कोणाला देऊ नका, स्वतःकडेही मुरवू नका. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दलचं जुन्या दंडसंहितेतलं कलम 403 आता भारतीय न्याय संहितेत 314 आहे, आणि त्याखालच्या उदाहरणांत मौल्यवान अंगठी सापडलेला, मालकाचा शोध न घेता ती लगेच विकणारा माणूस दोषी धरला आहे. जमिनीत दडलेलं जुनं काही मूल्यवान निघालं, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्यातली मर्यादा अजूनही दहा रुपयांची आहे.

सोसायट्यांच्या समित्यांना एक विनंती. बागेतला कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे आणि केबल कुठून गेली आहे, याचा साधा नकाशा वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा. इलेक्ट्रिशियनला तो रोज लागेल, आणि दागिना हरवलेल्या घराला एखाद्या दिवशी.