प्रोग्रॅमिंग ऑनलाइन, प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतच

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गातली व्याख्यानं रेकॉर्ड करून ऑनलाइन दिली तर चालेल का?

उत्तर : तेवढ्यानं भागणार नाही. तासाभराचं व्याख्यान पडद्यावर शेवटपर्यंत पाहणारी मुलं थोडीच. दहा-दहा मिनिटांचे भाग करा आणि प्रत्येक भागानंतर मुलांना कोड लिहायला लावा. प्रोग्रॅमिंग खरं कळतं ते चूक शोधताना. समजा, लूप एक फेरी जास्त फिरतो आणि ॲरेच्या बाहेरची जागा वाचली जाते. अशा वेळी उत्तर सांगू नका. मुलाला स्क्रीन शेअर करायला सांगा, एकेका ओळीनंतर व्हेरिएबलची किंमत काय झाली ते विचारा. यासाठी छोटे गट लागतात, आणि महाविद्यालयानं तुम्हाला तेवढा वेळ दिलाच पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक्सची पूर्वतयारी केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’वर छान होते. पण ब्रेडबोर्डवरची सैल वायर हात लावल्याशिवाय सापडत नाही. सॉफ्टवेअरसाठी आयआयटी मुंबईची ‘स्पोकन ट्युटोरियल्स’ मराठीतही आहेत, ती जरूर वापरा.

परीक्षेचं म्हणाल, तर आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाचे अभ्यासक्रम ऑनलाइन असले तरी प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तुम्हीही परीक्षा समोरासमोरच घ्या.