तळण थोडं, वाळवण जास्त

अगं, ओव्हन घरी आला म्हणून फोनवर केवढी हरखली होतीस! आणि लगेच विचारलंस, "ताई, यात भजे होतील ना?" नाही होणार, बाई. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रुसून त्याला माळ्यावर टाकशील, आणि सासूबाईंना वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळेल. बाकी काय काय होतं ते मात्र बैजवार सांगते. जरा निवांत वाच.

भजे का नाही होत, ते आधी बघ. ओलं पीठ कढईत सोडलं की १७०-१८० अंशांचं तेल त्याला चहूबाजूंनी एकदम भिडतं आणि वरचा थर तिथल्या तिथे धरतो. ओव्हनमधली हवाही तेवढीच तापलेली असते, पण ती आपली उष्णता फार सावकाश देते. तोवर पीठ ट्रेवर पसरतं आणि भज्याचं धिरडं होतं. म्हणून जे जे ओल्या पिठाचं आहे, मुंगवडे, आलूबोंडे, कांद्याचे भजे, ते ओव्हनला दाखवूच नकोस. त्यांच्यासाठी अप्पेपात्र काढ. प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब, वर झाकण, एकदा उलटायचे. मुंगवडे तर इतके चांगले होतात, की संध्याकाळच्या चहाला कढई चढवायची गरजच उरत नाही.

आता मुद्द्याचं. कुरकुरीतपणा तेलात नसतो, पाणी निघून जाण्यात असतो. चकली तेलात सोडली की बुडबुडे येतात ना, ती तिच्यातल्या पाण्याची वाफ. बुडबुडे शांत झाले, की आई म्हणायची, काढा आता. म्हणजे तेलाचं काम काय, तर पाणी झटपट हाकलायचं. बदल्यात ते स्वतः आत शिरतं, आणि बरंचसं शिरतं ते झाऱ्याने काढल्यावर, पदार्थ निवताना. आतली वाफ थंडावते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. बाजारच्या बटाटा चिप्समध्ये १०० ग्रॅममागे ३०-३५ ग्रॅम तेल असतं. म्हणजे पाकिटाचा तिसरा हिस्सा तेलाचाच.

पाणी हाकलायची विद्या आपल्याला नवी थोडीच आहे? चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सरगुंडे, मुंगाचे पापड घालत आपण वाढलो. ओव्हन म्हणजे घरात आणलेलं वैशाखाचं ऊन समज. वाळवणाचे सगळे नियम त्याला लागू. पातळ लाट, सुटंसुटं मांड, उलटत राहा, पुरतं निवल्याशिवाय डब्यात भरू नकोस. आणि भडभुंज्याची भट्टी आठव. तापल्या रेतीत फुटाणे, मुरमुरे, फल्लीदाणे फुटतात, तेलाचा थेंब लागत नाही, आणि दाताखाली कसे वाजतात!

पहिल्यांदा सांबारवडी कर

नवा ओव्हन आहे तर सुरुवात सांबारवडीने कर. घरच्यांना आवडते आणि ओव्हनला मानवते. सांबार धुतलास की कापडावर पसरून पुरता कोरडा कर. पंख्याखाली दोन तास तरी. तळताना थोडा ओलावा खपून जातो, ओव्हनमध्ये तोच ओलावा पारीला आतून भिजवतो आणि वडी चामट होते. सारण नेहमीचंच: किसलेलं खोबरं, तीळ, खसखस, चारोळी, आलं-मिरची, गरम मसाला. हे सगळं चमचाभर तेलात परतून घे, खाली उतरव आणि मग सांबार मिसळ, म्हणजे त्याला पाणी सुटणार नाही.

पारीला दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक, हळद, तिखट, मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेल. तळणाच्या पारीत मोहन थोडं कमी चालतं, कारण पुढे कढई आहेच. इथे ती नाही, म्हणून मोहनात हात आखडू नकोस. पीठ घट्ट मळ, पारी कागदासारखी पातळ लाट, आतून चिंच-गुळाचं पाणी नुसतं बोटाने फिरव, सारण दाबून भर, घट्ट वळ आणि कडा नीट बंद कर. वरून कुंच्याने तेलाचा हात फिरव. हा हात चुकवलास तर वडी पांढुरकी, कोरडी दिसते आणि मग सगळे म्हणतात, "आजारी माणसाचं केलंस का?"

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून ठेव. वड्या एकमेकींना लागू देऊ नकोस. पंचवीस मिनिटं लागतात, मध्यावर उलट. शेवटची पाच मिनिटं दार बोटभर उघडं ठेव, कोंडलेली वाफ जाईल. मग ताटात न काढता जाळीवर निवव. ताटात ठेवल्या की खालून घाम येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आकड्यांवर मात्र फार विसंबू नकोस. घरच्या ओव्हनचा काटा दहा-वीस अंशांनी इकडेतिकडे असतोच, आणि आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो तापायलाही वेळ लावतो. डोळ्यांनी रंग बघ, नाकाने वास घे.

डब्यात कायम असावं असं

रोजच्या तोंडात टाकायला ज्वारीचे खारे करून ठेव. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, तीळ, ओवा, वाटलेला लसूण, तिखट, मीठ, तीन चमचे फल्लीचं तेल. ज्वारीला चिवटपणा नसतो, म्हणून भाकरीसारखं उकळत्या पाण्यात भिजव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटलंस तर तुटत नाही. चौकोन काप, काट्याने टोच, नाहीतर पुरीसारखे फुगतात आणि मधे मऊ राहतात. १६० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. मीठ पिठातच घाल. तळलेल्याला वरून भुरभुरलेलं मीठ तेलामुळे चिकटतं, भाजलेल्यावरून ते घरंगळून डब्याच्या तळाशी जातं.

दिवाळीच्या चिवड्याला तर ओव्हन वरदानच. पातळ पोहे १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, दोनदा हलवून. फल्लीदाणे वेगळे, १५० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. खोबऱ्याचे काप शेवटी, ते पटकन लागतात. मग मोठ्या गंजात दोन-तीन चमचे तेलाची मोहरी-हिरवी मिरची-कढीपत्त्याची खमंग फोडणी आणि सगळं एकत्र. तळलेल्या पोह्यांचा चिवडा आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले तर हाच आधी संपतो.

शंकरपाळे आणि करंजी हमखास जमतात. शंकरपाळ्यात दुधाऐवजी संत्र्याचा रस घालून बघ. दिवाळीच्या सुमाराला अंबिया बहाराची संत्री घरात असतातच. सोलायच्या आधी वरची केशरी साल हलक्या हाताने किसून घे आणि तीही पिठात घाल. आपल्या संत्र्याची साल सैल असते, जोर दिलास की फाटते, आणि आतला पांढरा भाग आला तर कडू होतं. १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना थोडे मऊच वाटतील, निवले की खुटखुटीत होतात. कडक व्हायची वाट बघत आत ठेवशील तर साखर करपेल. करंजीला वरून दुधाचा हात आणि १७० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

चकलीचं खरं सांगू? होते, पण ती चकली नसते, चकलीच्या आकाराचं बिस्किट असतं. खायला वाईट नाही, पण नळीदार, पोकळ, दातांत भुगा होणारी चकली कढईतलीच. शेव आणि अनारशाच्या वाटेलाही जाऊ नकोस. कुरडई फुलायला एकदम जबर उष्णता लागते. ओव्हनमध्ये ती नुसती पिवळी पडते. मुंगाचे पापड मात्र निखाऱ्यावर नाहीतर गॅसच्या जाळीवर भाज, त्यासाठी ओव्हन कशाला तापवायचा? त्याला तासाला युनिट-दीड युनिट लागतं. म्हणून तापवलास की दोन-तीन पदार्थ एकामागोमाग काढून घे.

भाजलेलं म्हणजे हलकंच, असं नाही

हे कानात सांगते, कारण इथेच आपण बायका फसतो. आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला तो २०२३ साली, पण आपल्या दोन्ही तालुक्यांच्या स्वयंपाकघराचं तोंड पहिल्यापासून नागपूरकडे. सामान सांगू म्हटलं की तिकडची खारी, टोस्ट, नानकटाई आलीच. ती सगळी भट्टीतलीच असते ना? कढईचं तोंडही पाहिलेलं नसतं. पण पिठात वनस्पती किती थापलंय, ते हाताला लागतंच. २०२२पासून सरकारने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगलंच झालं, पण म्हणून चरबी कमी झाली असं नाही. तेव्हा पाकिटावर 'बेक्ड' दिसलं की हुरळू नकोस. उलटून मागे १०० ग्रॅममागे फॅट किती, ते वाच. आणि तुझ्या स्वतःच्या शंकरपाळ्यातला मैदा, साखर ओव्हन काही काढून घेत नाही. तेल वाचलं म्हणून दुप्पट खाल्लं तर हिशेब तिथेच येतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, एवढं डोक्यात ठेव.

रंगाचंही सांभाळ. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तापून तांबूस होतात, तेव्हा त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली ते दाखवलं, आणि त्याबद्दल शंका घेतली जाते ती कर्करोगाची. घाबरायचं नाही, पण ते कढईत होतं तसं ओव्हनमध्येही होतं. म्हणून सोनेरी झालं की काढ, तपकिरी होऊ देऊ नकोस. मुलांसाठी बटाट्याच्या फोडी भाजशील तर कापून अर्धा तास पाण्यात ठेव, मग कोरड्या पूस. आणि त्यासाठीचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नकोस, गारठ्याने त्यांच्यात साखर वाढते आणि ते लवकर काळपटतात.

आणि जे तळायचंच आहे, ते धड तळ. तेल नीट तापू दे. कोमट तेल पदार्थ जास्त पितो. एकदा तळलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपव. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल खराब होत जातं, म्हणूनच हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी २०१८पासून नियम आहे: तेलातली पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. आपल्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, पण तेल काळं, चिकट झालं, फेसाळायला लागलं की ओळखायचं.

सासूबाईंचं काय करायचं?

पहिल्या दिवशी "हे बिनातेलाचं आहे" असं चुकूनही म्हणू नकोस. ऐकलं की जिभेची चव जाते. मुकाट्याने ताटलीत वाढ, संपली की मग हवं तर सांग. आणि त्यांच्या कढईवर हक्क सांगायला जाऊ नकोस. पोळ्याला पुरणपोळीच्या ताटात वडा, भजे, कुरडई हवेतच. दिवाळीत चकलीचा घाणा त्यांच्याच हातचा होऊ दे, तू शेजारी बसून सोऱ्या फिरव. सणाचं तळण वर्षाकाठी मोजकं असतं, त्याने कुणाचं कोलेस्टेरॉल वाढत नाही. वाढतं ते मंगळवारी पाहुणे आले म्हणून, गुरुवारी पाऊस पडला म्हणून आणि शनिवारी मुलं मागतात म्हणून चढलेल्या कढईने. ओव्हन लावायचा तो त्या मंगळवार-गुरुवार-शनिवारसाठी.

तुझ्या घरच्यांचा रिपोर्ट आल्यापासून तू धास्तावलीस, हे कळतंय मला. औषधाचं डॉक्टर बघतील, ते आपलं काम नाही. आपल्या हातात तेलाचा डबा आहे. पाच लिटरचा डबा उघडशील त्या दिवशीची तारीख त्याच्यावर पेनाने लिही. चौघांच्या घरात तो महिनाभरात संपला, तर माणशी दिवसाला जवळजवळ ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय. बैठं काम करणाऱ्याला २५-३० ग्रॅमच्या आसपास पुरतं. डबा चाळीस दिवस पुरायला लागला, की समज ओव्हनचे पैसे वसूल झाले. नाही पुरला, तर मला फोन कर. मोहन किती घालतेस, तिथूनच विचारायला सुरुवात करीन.